बदलीसाठी लिहिलेलं स्टेशन

लोक मला म्हणतात, रेल्वेत होत्या म्हणजे खूप हिंडल्या असाल. माझ्या अगदी तोंडावर येतं की बाई, हिंडायला मी लोकांना पाठवत होते. मी स्वतः आतून कडी लावलेल्या एका खोलीत नऊ वर्षं बसून होते. पण असं बोललं की लोकांना वाटतं, ही बाई तिरसट आहे. आहे मी तिरसट. तिकिटाच्या खिडकीनं केलं की जन्माचीच तशी, ते माझ्या आईला विचारा.

स्टेशनचं नाव सांगत नाही. भंडारा जिल्ह्यातलं, नागपूरहून दुर्गकडे जाणाऱ्या मेन लाइनवरचं एक स्टेशन, एवढं पुरे. नाव गावाचं, पण गाव तिथून चार किलोमीटरवर. नवा माणूस गाडीतून उतरला की इकडेतिकडे पाहायचा आणि पहिलं हेच विचारायचा, गाव कोठी आहे? मी खिडकीतून हात दाखवायची. त्या दिशेला धानाच्या बांध्यांशिवाय काही दिसत नसे, त्यामुळे माणसाचा विश्वास बसत नसे.

बाप याच लाइनवर गँगमन होता. ड्यूटीवर असतानाच गेला. अनुकंपावरची नोकरी कुणाला द्यायची, हे ठरवायला घरात बैठक बसली. भाऊ दहावीत दोनदा अडकलेला आणि मी बी.ए. झालेली. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात एकच धोशा, पोरगा असो की पोरगी, शिकलं पाहिजे. म्हणून नोकरी माझ्याकडे आली. बुकिंग क्लार्क. आमचं घर सिहोऱ्याला, स्टेशन तिथून बसनं फार लांब नाही. आईनं साऱ्या मोहल्ल्यात साखर वाटली. ज्याला त्याला सांगत सुटली, पोरगी घराजवळ लागली. त्या दिवशी मलाही वाटलं होतं, काय नशीब काढलंय.

बुकिंग ऑफिस म्हणजे एक खोली. पुढे जाळीची खिडकी, तिच्याखाली हात जाईल एवढी फट. मागे दार. आत सरकारी पैसा, म्हणून दाराला आतून कडी, आणि पाळी संपेपर्यंत कडी काढायची नाही. लघवीला जायचं तर आधी स्टेशन मास्तरला आवाज द्यायचा, तो येऊन बसणार, खिडकीचं झापड पाडणार, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी ओरडणार, मॅडम झोपल्या का? आम्ही तिघं क्लार्क, पाळीपाळीनं, पण एका वेळी एकच. बाकीचे दोघं पुरुष. त्यांना मास्तरला आवाज देताना काही वाटत नसे. मी मात्र पाणीच कमी प्यायची. मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरनं विचारलं, पाणी काहून पीत नाही? त्याला काय सांगणार.

लग्न झालं दुर्गला. आमच्या इकडची किती तरी घरं कारखान्यांच्या कामाला तिकडे गेली आणि तिथलीच झाली, तसंच एक घर. नवरा तिथल्या एका कारखान्यात. माणूस चांगला, सासूही चांगली. लग्नाच्या वेळी सगळे म्हणाले, बदली होऊन जाईल, रेल्वेची बाई आहे. एका वर्षात होईल. पण दुर्ग दुसऱ्या डिव्हिजनात पडतं. अर्ज दिला की तो कुठंतरी जायचा आणि तिथंच राहायचा. विचारायला गेलं की साहेब म्हणायचे, जागा खाली झाल्यावर पाहू. तिथून कोणी हलत नव्हतं, तर जागा खाली कशी होणार?

मुलगी झाली ती इकडेच. पहिले काही महिने आई गावातल्या माझ्या खोलीवर येऊन राहिली, मग भावाच्या बायकोचं बाळंतपण आलं आणि आई सिहोऱ्याला परत गेली, ती तिथल्या नातवातच अडकली. नवरा तिकडे. मग मी पोरीला ड्यूटीवर न्यायला लागले. काउंटरखाली गोधडी अंथरायची आणि तिला तिथं बसवायची. बिचारी बसायचीसुद्धा. जुन्या फॉर्मच्या गठ्ठ्यांवर रेघोट्या ओढायची. खिडकीशी लोक आले की मी पायानं तिला हलकेच थोपटायची आणि हातानं तिकीट द्यायची. स्टेशन मास्तर पाहायचा आणि न पाहिल्यासारखं करायचा. भला माणूस, आमच्याच भागातला, रिटायरमेंटला आलेला.

पोरगी दोन वर्षांची झाली, तशी ती काउंटरखाली राहीना. एक दिवस एका प्रवाशानं खिडकीतून तिला पाहिलं. त्याला सुट्ट्या पैशांवरून माझा राग आलेला होताच. त्यानं तक्रार वही मागितली आणि लिहून ठेवलं की बुकिंग ऑफिसात सरकारी पैशाजवळ बाहेरचा इसम बसवला जातो. इसम म्हणे! दोन वर्षांची पोट्टी. पंधरा दिवसांनी इन्स्पेक्टर आला. त्यानं मला लेखी ताकीद दिली आणि मास्तरलाही दिली. पुन्हा मूल आत दिसलं तर सस्पेंड. गावात पाळणाघर नव्हतं, स्टेशनजवळ ज्यांच्याकडे ठेवावी असं एक घर नव्हतं. तो आठवडा मी रजेवर काढला आणि आठवड्याच्या शेवटी पोरीला दुर्गला सासूजवळ ठेवून आले. परतीच्या गाडीत मला दूध उतरलं. ब्लाउज भिजला. समोर बसलेल्या बाईनं आपल्या पिशवीतला दुपट्टा काढून दिला.

त्यानंतर तीन वर्षं, माझा रेस्ट गुरुवारी, म्हणून बुधवारी दुपारी पाळी संपली की पॅसेंजर धरायची आणि शुक्रवारी पहाटे परत. दुर्गला पोचायला पाच तास, कधी सहा. मालगाड्यांना पुढे काढायचं म्हणून आमची पॅसेंजर ज्या त्या स्टेशनात उभी. मी खिडकीशी बसून दात ओठ खायची. स्टाफची बाई म्हणून गार्ड ओळखायचा, तो म्हणायचा, ताई, एवढी घाई काहून करता, गाडी तुमच्या जोरानं थोडीच पळते. त्याला दोन पोरं होती आणि ती रोज त्याच्या घरी होती.

आता म्युच्युअल म्हणजे काय, ते सांगते. रेल्वेत बदली होत नसेल तर एक वाट असते. तुमच्याच पदाचा, तुमच्याच ग्रेडचा माणूस शोधा, जो तुमच्या जागी यायला तयार आहे, आणि तुम्ही त्याच्या जागी जा. दोघांनी एका कागदावर सह्या करायच्या. एकदा सही झाली की माघार नाही. हा माणूस शोधायची पद्धत अशी की, कागदाच्या चिठ्ठ्या लिहायच्या आणि गार्डांच्या हाती द्यायच्या. ते त्या लाइनभर नेतात, बुकिंग ऑफिसांत, पार्सल ऑफिसांत, गार्ड-ड्रायव्हर जिथं आराम करतात तिथं चिकटवतात. "म्युच्युअल पाहिजे. पद अमुक, स्टेशन अमुक, हवं असलेलं स्टेशन अमुक." लग्नाच्या स्थळासारखंच हे. बोलणारेही तसेच बोलतात, जोडीदार मिळाला का? पाहणं झालं का?

मी अशा कितीतरी चिठ्ठ्या पाठवल्या. दुर्गचा माणूस आमच्या स्टेशनला काहून येईल? जिल्हा तुटला तेव्हा मोठं जंक्शन गोंदियाकडे गेलं आणि आमच्या वाट्याला राहिली ही बारकी स्टेशनं. दीड वर्षात मला एकच फोन आला, रेल्वेच्या फोनवर. पलीकडच्या माणसानं विचारलं, वहाँ क्या है? मी विचार करत राहिले, आणि मला विचार करावा लागतोय एवढ्यावरूनच त्यानं फोन ठेवला.

ते ऐकून मास्तर म्हणाला, नुसतं नाव लिहून कोणी येत नसते, बाई. स्थळ सांगायचं तर घराण्याची माहिती द्यावं लागते. आपल्या ठेसनाचा इतिहास लिहा, सोयी लिहा.

मी लिहायला बसले. खिडकीवर गर्दी नसायची तेव्हा, जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर. इतिहास कुणाला माहीत होता? मास्तरनं थोडा सांगितला, गावातल्या एका रिटायर पॉइंट्समनकडून थोडा काढला. इंग्रजांच्या वेळी आधी इथं छोटी लाइन होती, मग ती मोठी झाली. गावाजवळून लाइन न्यायची होती, पण मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, जमीन दिली नाही म्हणून ती दूरून गेली, असं कोणी सांगत. दुसरा सांगे की मालगुजार द्यायला तयार होता, मोजणीवाल्या गोऱ्या साहेबालाच तलाव चुकवायचे होते. तिसरा सांगे, दोन्ही खोटं. मी मालगुजारवालं लिहिलं, ते जास्त रुबाबदार वाटत होतं. एके काळी इथून बिड्यांची पोती जायची, तेंदूपत्ता जायचा, पितळी भांडी जायची, तलावांतले शिंगाडे आणि मासोळीच्या टोपल्या जायच्या. पार्सल ऑफिसात पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. प्लॅटफॉर्मच्या टोकाला कोळशाच्या इंजिनांना पाणी पाजायचा उंच नळ अजून उभा होता. तो मी "ऐतिहासिक वारसा" म्हणून घातला.

मग सोयी. इथं माझी खरी करामत. महिला प्रतीक्षालय उपलब्ध. होतं ना, कुलूप लावलेलं, आत जुनी रजिस्टरं आणि तुटका वजनकाटा. थंड पाण्याची सोय. गावातल्या एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या स्मरणार्थ कूलर दिला होता. वडिलांचं नाव चकाकत होतं, पाणी दोन उन्हाळ्यांपासून बंद होतं. कर्मचाऱ्यांसाठी क्वार्टर. चार होती, त्यातल्या तीनमध्ये कोणी राहत नव्हतं, कारण ती राहण्याजोगी नव्हती. पण रिकामी म्हणजे उपलब्धच की. एक्सप्रेस गाड्यांचे थांबे. होते, फक्त अशा वेळेला की उतरलेल्या माणसाला गावात न्यायला ऑटो नसायचा. गावाच्या गोंगाटापासून दूर, शुद्ध हवा, कामाचा ताण कमी. हिंदीत सगळं हे, दोन पानं. ओळन् ओळ वाचून पाहिली. एकही वाक्य खोटं म्हणता आलं नसतं. मला माझंच कौतुक वाटलं.

शेवटी एक ओळ उरली होती, तिच्यावर मी दोन दिवस अडले. मग लिहिली: "लहान मुलं असलेल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी विशेष सोयीचं." मास्तरनं वाचून कागद परत दिला. चष्मा पुसत बसला.

त्या दोन पानांच्या मी हातानं वीस-बावीस प्रती केल्या आणि गार्डांना वाटल्या. दोन महिन्यांनी दुर्गच्या बुकिंग ऑफिसातून फोन आला. बाई होती, बोलणं हिंदी, वळण ओडिशाचं. म्हणाली, तुमचं पत्र वाचलं. फार छान लिहिलंय. मी येते पाहायला.

तिची गोष्ट अशी होती. ती दुर्गला क्लार्क, माझ्याच ग्रेडची. तिच्या नवऱ्याला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरात नोकरी लागली होती, तिथंच क्वार्टर. जवाहरनगर ते आमचं स्टेशन म्हणजे बसनं तासाभराची वाट. नवरा इकडे, ती तिकडे, पदरी दीड वर्षाची मुलगी. तिची आई ओडिशाहून येऊन मुलीला सांभाळत होती, पण आता तिकडे वडील अंथरुणाला खिळले होते आणि आईला परत जाणं भाग होतं. म्हणजे माझीच गोष्ट, फक्त उलट्या दिशेनं. हे मला फोनवरच समजलं. मला सगळं समजलं होतं, हे इथं मुद्दाम लिहून ठेवते.

पाहण्याचा दिवस ठरला आणि स्टेशनात लग्नघरासारखी धावपळ सुरू झाली. मास्तरनं सफाईवाल्याकडून महिला प्रतीक्षालय उघडवलं, रजिस्टरं पार्सल ऑफिसात फेकली, फरशी दोनदा धुतली. कूलर काही दुरुस्त होईना, तेव्हा गावातून बर्फाची लादी आणून त्याच्या पोटात टाकली. बाहेरच्या टपरीवाल्याला दम भरला की आज पोहे ताजे पाहिजेत, तर्री पातळ नको. मी पाळी बदलून घेतली होती. सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि इस्त्रीची साडी नेसताना हसू आलं. मुलाकडचे लोक येणार म्हणून नवरीनं नटावं, तसंच चाललं होतं.

ती दुपारच्या पॅसेंजरनं आली. माझ्याएवढीच, सावळी, दमलेली. कडेवर मुलगी. मी तिला सगळं दाखवलं. ती ज्या त्या गोष्टीकडे पाहून मान हलवायची. कूलरचं पाणी प्यायली आणि म्हणाली, बरंच थंड आहे हो. दुर्गच्या गर्दीतून आलेल्या बाईला तो रिकामा प्लॅटफॉर्म खरोखर आवडला. महिला प्रतीक्षालयाच्या बाकावर तिनं मुलीला निजवलं, ती लगेच झोपली. आम्ही दोघी पोहे खात बसलो. मास्तर दारात उभा होता, हातात झेंडी, मालगाडी यायची होती.

तिनं क्वार्टरबद्दल फार विचारलं नाही, गाड्यांबद्दलही नाही. मुलीला थोपटत म्हणाली, माझ्या आणि नवऱ्याच्या पाळ्या एकाच वेळी आल्या तर हिला पाहायला कोणी नाही. ड्यूटीवर हिला माझ्याजवळ बसवता येईल का? "बाकी मैं सब चला लूँगी," ती म्हणाली, "बस ये एक बात सच बताइए."

तोंडात पोह्यांचा घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ मी विचार केला. काउंटरखालची गोधडी आठवली, इन्स्पेक्टर आठवला, परतीची गाडी आठवली. आणि माझी पोरगी आठवली, जी मागच्या गुरुवारी माझ्या हातून जेवली नव्हती, सासूच्याच हातून जेवते म्हणून रडली होती. मी सांगितलं, हो, बसवता येते. मीसुद्धा बसवत होते. इथं सगळे समजून घेतात.

मीसुद्धा बसवत होते, हे खरंच होतं. खोट्याला खऱ्याचा टेकू दिला की ते किती भक्कम उभं राहतं, हे त्या दिवशी कळलं. तिनं सुटकेचा श्वास टाकला. दारातल्या मास्तरनं माझ्याकडे पाहिलं. ताकीद त्यालाही मिळाली होती, त्याच्याही फायलीत तो कागद होता. मालगाडीची शिट्टी आली तसा तो वळला, आणि वळता वळता हळूच म्हणाला, "मी काही आयकलं नाही, बाई."

फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता. तिनं माझ्याच पेनानं सही केली. संध्याकाळच्या गाडीत तिला बसवून दिलं, खिडकीतून तिनं मुलीचा इवलासा हात धरून मला टाटा करवला. गाडी गेली. मला आनंद झाला, एवढा की मी सफाईवाल्याला आणखी एक प्लेट पोहे खाऊ घातले. लाज वाटली ती नंतर, बऱ्याच दिवसांनी, आणि ती सुद्धा एकदम नाही.

ऑर्डर यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी तिला फोन करून खरं सांगू शकले असते. रेल्वेचा फोन फुकट होता, समोरच होता. सही झाल्यावर माघार नाही, मग सांगून उपयोग काय, असं मी मनाला सांगायची. खरं म्हणजे अर्ज वर पोचेपर्यंत थांबवता येतो, हे मला माहीत होतं. कसा, ते मी कुणाला विचारलं नाही, एवढंच.

दुर्गला गेले तेव्हा पोरगी पाच वर्षांची होती. मोठं स्टेशन, खिडक्यांची रांग, शेजारी बोलायला बायका, बाजूलाच बाथरूम. मी पाणी प्यायला लागले. पहिले तीन दिवस पोरगी माझ्याभोवती पाहुण्यांभोवती नाचतात तशी नाचली. चौथ्या दिवशी सकाळी तिनं मला स्वयंपाकघरात पाहिलं, दारातच थांबली आणि म्हणाली, "तू अजून काहून नाही गेली?" सासू चटकन पदरानं तोंड झाकून मागे गेली. मी पोरीला म्हटलं, आता मी नाही जात. तिला ते पटायला पुढचे चार महिने लागले. पण पटलं. एक दिवस ती झोपेत माझ्या पोटावर पाय टाकून झोपली आणि मी रात्रभर कूस बदलली नाही. त्या रात्रीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं, केलंच होतं.

तिकडून सुरुवातीला फोन यायचे. अमुक रजिस्टर कुठं आहे, प्रतीक्षालयाची किल्ली कुणाकडे आहे. तोवर मास्तर रिटायर झाला होता. कूलरबद्दल तिनं कधी विचारलं नाही. मग फोन कमी झाले. मग बंद झाले. मी केला नाही. रेल्वेच्या फोनची घंटी वाजली की माझा हात मागे जायचा, शेजारची बाई उचलायची.

वर्षाच्या वर झालं असेल. दुपारी माझी पाळी संपत आली होती, तेवढ्यात मागच्या दारातून ती आत आली. तिच्या जुन्या रजेचा काही हिशेब दुर्गलाच अडकला होता, त्यासाठी उतरली होती. ओडिशाला निघाली होती, तिची पुढची गाडी दोन तासांनी. एकटीच होती. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. विचारायला नको होतं, तरी विचारलं, मुलगी?

आईकडे आहे, ती म्हणाली. इन्स्पेक्टरनं तिसऱ्याच आठवड्यात पाहिलं. तिच्यासमोर नव्या मास्तरनं जुनी फाइल काढली, तिच्यात माझ्या ताकिदीचा कागद होता. आता दोन महिन्यांतून एकदा जाते, येऊन-जाऊन चार दिवस मोडतात, त्यातले दोन गाडीत. नवरा म्हणतो, नोकरी सोड. नवऱ्याची नोकरी अजून पक्की नाही. हे सगळं ती मराठीत सांगत होती, आमच्या तिकडच्या मराठीत. वर्षभर त्या खिडकीवर बसून लोकांचं ऐकून ऐकून शिकली होती. तिच्या तोंडी ते ऐकून मला कसंतरीच झालं.

"तुमाले माहीत होतं ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मी वाट पाहत राहिले की आता ती बोलेल, चार लोकांसमोर माझी लाज काढेल. शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, बरंच वाटलं असतं मला. ती चहा प्यायली. कप खाली ठेवला. मग पर्समधून कोरे कागद काढले आणि माझ्यासमोर सरकवले.

"आईच्या तिकडं जायले म्युच्युअलच्या चिठ्ठ्या पाठवून पाठवून थकली मी," ती म्हणाली. "कोणी येऊनच नाही राहिलं. तुम्ही ठेसनाचं लय छान लिहिता. मले एक लिहून द्या."

मी पेन घेतलं. काय करणार होते? मालगुजारापासून सुरुवात केली. नवं काय झालं ते ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तिकिटं आता कॉम्प्युटरवर निघतात, पुलाचं काम सुरू आहे, एक गाडी वाढली आहे. दुसरं पान संपत आलं आणि माझा हात थांबला. मी वर पाहिलं नाही. कागदाकडे पाहतच विचारलं, लहान मुलांचं काय लिहू?

बाहेर तिच्या गाडीची घोषणा चालू होती.

"माह्यासाठी जे लिहिलं होतं," ती म्हणाली, "तेच लिहा."

मी तेच लिहिलं. तिनं खाली आपलं नाव घातलं.